आरमधून पायथन चालत नसेल, तेव्हा काय तपासावे

संख्याशास्त्राचे काम आर भाषेत करणाऱ्यांना कधी ना कधी पायथनकडे वळावे लागते. हवे ते मशीन लर्निंगचे पॅकेज केवळ पायथनमध्ये उपलब्ध असते, किंवा सहकाऱ्याने आधीच तयार करून ठेवलेला पायथनचा कोड आरमध्ये नव्याने लिहिण्यात वेळ घालवणे योग्य नसते. अशा वेळी रेटिक्युलेट हे आरचे पॅकेज दोन्ही भाषांना जोडते. ते इन्स्टॉल व्हायला दोन मिनिटे पुरतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. आरमध्ये पांडाज हे पायथनचे पॅकेज मागवले की ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’ असा एरर येतो, आणि टर्मिनलमध्ये पायथन उघडून तेच पांडाज मागवले तर ते बिनतक्रार येते. मग पांडाज पुन्हा इन्स्टॉल केले जाते, पायथन पुन्हा इन्स्टॉल केला जातो, कुणीतरी सुचवले म्हणून अ‍ॅनाकोंडाही टाकला जातो, आणि दिवस मावळेपर्यंत संगणकावर चार पायथन झालेले असतात, एरर मात्र जागचा हललेला नसतो.

या धावपळीत मुळात प्रश्नच चुकीचा धरलेला असतो. संगणकावर पायथन आहे की नाही, याला इथे फारसे महत्त्व नाही. चालू असलेल्या आरला कोणता पायथन मिळाला आणि तो कोणाच्या सांगण्यावरून मिळाला, हे दोन प्रश्न सोडवायचे असतात. त्यांची उत्तरे हाती येईपर्यंत काहीही नवे इन्स्टॉल करू नये आणि एकही सेटिंग बदलू नये, असा माझा आग्रह आहे. कारण प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशनबरोबर शोधण्याच्या जागा वाढत जातात आणि मूळ दोष अधिक खोल दडतो.

पुढे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावीत. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (प्रोग्रॅम प्रणालीकडून वाचतात त्या सेटिंगची) नावे मात्र मोठ्या अक्षरांत लिहावीत आणि अंडरस्कोर दाखवला असेल तिथे तो ठेवावा.

जोडणी नेमकी कशी होते

रेटिक्युलेट पायथनला वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालवत नाही. पायथनची शेअर्ड लायब्ररी, म्हणजे लिनक्सवर एसओ, मॅकवर डायलिब आणि विंडोजवर डीएलएल या प्रकारची फाइल, ते थेट आरच्याच प्रोसेसमध्ये आणून बसवते. ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली, तर पुढच्या बहुतेक अडचणींचा उलगडा आपोआप होतो. पायथन एकदा आत आला की त्या सेशनपुरता तो बदलता येत नाही. दुसरा हवा असेल तर सेशन बंद करून नव्याने सुरू करावे लागते. दोघे एकाच प्रोसेसमध्ये राहत असल्यामुळे दोघांची बांधणी एकाच प्रकारच्या प्रोसेसरसाठी झालेली असावी लागते. आणि आरने सुरू होताना ज्या सामायिक लायब्ररी आधीच उघडलेल्या असतात, त्याच पायथनच्या पॅकेजांनाही पुढे वापराव्या लागतात, मग त्या त्यांना सोयीच्या असोत वा नसोत.

प्रथम पाहणी, मग दुरुस्ती

आरस्टुडिओत कंट्रोल, शिफ्ट आणि एफ१० ही बटणे एकत्र दाबून (मॅकवर सेशन मेनूतून) सेशन नव्याने सुरू करावे. हे टाळून केलेली कोणतीही तपासणी विश्वासार्ह नसते, कारण तासाभरापूर्वी आत आलेला पायथन तिथेच बसलेला असतो. त्यानंतर रेटिक्युलेट लोड करून पाय_कॉन्फिग ही आज्ञा द्यावी. ही आज्ञा नुसती माहिती देत नाही, तर पायथन सुरूही करते. म्हणून पायथन आत न आणता केवळ अंदाज घ्यायचा असेल, तर पाय_डिस्कव्हर_कॉन्फिग वापरावी.

पाय_कॉन्फिगच्या उत्तरातील पहिली ओळ ‘पायथन’ अशी असते आणि तिच्यापुढे पूर्ण पाथ असतो. त्याखाली शेअर्ड लायब्ररीचा पाथ, आवृत्ती आणि नमपाय हे आकडेमोडीचे पॅकेज कुठे सापडले याची नोंद असते. आता टर्मिनलमध्ये जो पायथन व्यवस्थित चालतो तो उघडून, सिस हे मॉड्यूल मागवून सिस.एक्झिक्युटेबलची किंमत छापावी. दोन्ही पाथ एकाखाली एक कागदावर लिहून घ्यावेत. मॅकवर बहुधा असे दिसते, की टर्मिनलमधला पाथ ‘ऑप्ट/होमब्रू’ या फोल्डरातून सुरू होतो आणि आरने निवडलेला पाथ वापरकर्त्याच्या होम फोल्डरातील ‘.व्हर्च्युअलएन्व्ह्ज/आर-रेटिक्युलेट’ इथे जातो. पांडाज पहिल्या ठिकाणी आहे, आर दुसऱ्या ठिकाणी शोधतो आहे. एवढीच गोष्ट असते आणि त्यासाठी काहीही पुन्हा इन्स्टॉल करायचे नसते.

पाथमध्ये ‘कॅश’ आणि ‘यूव्ही’ असे शब्द दिसले, तर गोंधळून जाऊ नये. २०२५ साली आलेल्या १.४१ या आवृत्तीपासून, वापरकर्त्याने कोणतीच पसंती सांगितलेली नसेल तर रेटिक्युलेट यूव्ही या पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाच्या मदतीने तात्पुरते एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथन आणि त्याच्या पॅकेजांचा स्वतंत्र संच, उभे करू शकते. अशा एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप हे पॅकेजे बसवण्याचे साधन चालवून हाताने पॅकेज घालण्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाय_रिक्वायर या आज्ञेने लागणाऱ्या पॅकेजांची नावे सांगावीत, म्हणजे ती त्यात येतात.

निवड एकाच ठिकाणी सांगावी

पायथन कोणता हवा, हे सांगण्याच्या मुख्य जागा तीन आहेत. स्क्रिप्टमध्ये यूज_व्हर्च्युअलएन्व्ह, यूज_कोंडाएन्व्ह किंवा यूज_पायथन या आज्ञा लिहिता येतात, आरच्या ‘.आरएन्व्हायरन’ (यातला आर मोठा) या फाइलमध्ये रेटिक्युलेट_पायथन हे व्हेरिएबल ठेवता येते. आणि आरस्टुडिओच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये पायथनसाठी स्वतंत्र पान आहे. या जागांनी परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या की घोळ होतो. व्हेरिएबल ठेवलेले असेल, तर स्क्रिप्टमधली यूज_पायथन ही आज्ञा मानली जात नाही. रेटिक्युलेट तशी सूचनाही छापते, परंतु पन्नास ओळींच्या आउटपुटमध्ये ती एक ओळ डोळ्यांतून निसटते. म्हणून सिस.गेटएन्व्ह या आज्ञेला, जिच्यातला पहिला एस मोठा असतो, रेटिक्युलेट_पायथन हे नाव देऊन काय उत्तर येते ते पाहावे. रिकामे उत्तर आले, तर व्हेरिएबलचा संशय मिटला.

माझे मत असे आहे, की चार जणांनी मिळून वापरायच्या प्रकल्पात प्रकल्पाच्या फोल्डरातच ‘.व्हेन्व्ह’ नावाचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावे आणि स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींत, पायथनचे कोणतेही काम सुरू होण्यापूर्वी, त्याचा स्पष्ट उल्लेख करावा. त्यात ‘रिक्वायर्ड’ या पर्यायाला ‘ट्रू’ द्यावे, म्हणजे ते एन्व्हायर्नमेंट सापडले नाही तर आर गुपचूप दुसरा पायथन उचलणार नाही, तिथेच थांबून सांगेल. व्हेरिएबलचा मार्ग स्वतःच्या एकट्याच्या संगणकासाठी ठेवावा.

‘.आरएन्व्हायरन’ या फाइलविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण इतक्या लहान फाइलने इतका वेळ खाल्लेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आर सुरू होताना चालू फोल्डरात ही फाइल असेल तर तीच वाचतो, आणि नसेल तरच होम फोल्डरातली वाचतो. दोन्ही वाचत नाही. त्यामुळे एखाद्या प्रकल्पात दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी, समजा पासवर्ड ठेवण्यासाठी, ही फाइल केली की होममधली सगळी व्हेरिएबल त्या प्रकल्पापुरती नाहीशी होतात. विंडोजवर आरचे होम म्हणजे सहसा डॉक्युमेंट्स हा फोल्डर असतो, आणि वनड्राइव्ह चालू असेल तर तो फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेला असतो. पायथन मात्र वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरालाच होम समजतो. नोटपॅडने फाइल साठवताना शेवटी ‘.टीएक्सटी’ जोडलेले असते आणि एक्स्टेंशन लपवलेली असल्यामुळे ते दिसत नाही. पाथमध्ये उलट्या तिरप्या रेघा न वापरता विंडोजवरही सरळ तिरप्या रेघाच वापराव्यात. आणि फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेले असावे. तसे नसेल तर ती ओळ न वाचता सोडली जाण्याचा धोका असतो आणि त्याचा कोणताही एरर येत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर माझी स्वतःची पूर्ण दुपार गेली आहे. पावसाच्या नोंदींवर काम करताना मी त्या फाइलमध्ये एकच ओळ लिहिली होती, पाथ अक्षरशः तीन वेळा तपासला होता, आणि तरीही सिस.गेटएन्व्ह रिकामे अवतरण परत करत होते. शेवटी कर्सर ओळीच्या टोकाला नेला, खालचा बाण दाबला आणि तो जागचा हलला नाही, तेव्हा खाली ओळच नसल्याचे ध्यानात आले. एंटर दाबले, फाइल साठवली, सेशन नव्याने सुरू केले आणि पाथ समोर आला. तेव्हापासून मी ही फाइल यूजदिस या पॅकेजमधील एडिट_आर_एन्व्हायरन या आज्ञेनेच उघडतो. योग्य फोल्डर आणि योग्य नाव या दोन्ही गोष्टींची काळजी ती आज्ञा घेते.

एके ठिकाणी चालते, दुसरीकडे नाही

टर्मिनलमधून उघडलेल्या आरमध्ये जोडणी होते, पण आरस्टुडिओच्या चिन्हावर क्लिक करून उघडल्यावर होत नाही, ही मॅकवरची नेहमीची तक्रार आहे. त्याचे कारण असे, की डॉकमधून उघडलेले अ‍ॅप्लिकेशन शेलच्या ‘.झेडएसएचआरसी’ या फाइलमधील सेटिंग वाचत नाही. तिथे पाथ व्हेरिएबलमध्ये घातलेली भर टर्मिनलपुरतीच राहते. आरस्टुडिओत आणि टर्मिनलमधल्या आरमध्ये सिस.गेटएन्व्हला पाथ हे नाव देऊन दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली, की फरक लगेच दिसतो. पाथवर विसंबून न राहता पायथनचा पूर्ण पत्ता सांगणे हाच त्यावरचा टिकाऊ इलाज आहे.

क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या साधनाने रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टचेही तसेच होते, कारण क्रॉनकडे पाथ अगदी तुटपुंजा असतो. आणि आरस्क्रिप्टला ‘व्हॅनिला’ हा पर्याय दिलेला असेल, तर ‘.आरएन्व्हायरन’ आणि ‘.आरप्रोफाइल’ या दोन्ही फाइली मुद्दाम वगळल्या जातात. दिवसा चालणारे काम रात्री का अडले, याचे उत्तर पुष्कळदा या एका शब्दात असते. क्वार्टो किंवा आर मार्कडाउन या अहवाल बनवणाऱ्या साधनांचे बटण दाबून अहवाल तयार केला, तर तो नव्या सेशनमध्ये तयार होतो, म्हणून कन्सोलमध्ये दिलेली यूज_पायथन ही आज्ञा त्याला माहीत नसते. ती अहवालाच्या पहिल्या भागातच लिहावी.

पाथ बरोबर, तरीही पायथन आत येत नाही

निवड योग्य झाली असूनही लोड होतानाच एरर येत असेल, तर संशय शेअर्ड लायब्ररीवर किंवा प्रोसेसरच्या प्रकारावर घ्यावा.

पायएन्व्ह या पायथनच्या आवृत्त्या बसवणाऱ्या साधनाने बांधलेल्या पायथनमध्ये मूळ सेटिंगनुसार शेअर्ड लायब्ररी तयार होत नाही. पायथन एकटा असताना त्याला तिची गरजही नसते, म्हणून टर्मिनलमध्ये काहीही बिघडलेले दिसत नाही. आरमध्ये मात्र आणण्यासाठी फाइलच नसते. अशा वेळी पायथन_कॉन्फिगर_ऑप्ट्स या व्हेरिएबलमध्ये ‘--एनेबल-शेअर्ड’ हा पर्याय देऊन तो पायथन पुन्हा बांधावा, किंवा रेटिक्युलेटच्या इन्स्टॉल_पायथन या आज्ञेवर ते काम सोपवावे. उबुंटूवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार होतानाच ‘एन्शुअरपिप’ उपलब्ध नसल्याची तक्रार आली, तर पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज वेगळे इन्स्टॉल करावे.

अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आणले आणि मे २०२१ मधील आर ४.१.० पासून त्या चिपसाठी आरची स्वतंत्र बांधणी मिळू लागली. परंतु जुन्या मॅकवरून सगळी सामग्री नव्या मॅकवर जशीच्या तशी हलवलेली असेल, तर आर जुन्या इंटेल चिपसाठीचाच राहिलेला असतो. जुन्या चिपचे प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवणाऱ्या रोझेटामुळे तो निमूट चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. नव्याने इन्स्टॉल केलेला पायथन मात्र नव्या चिपसाठी असतो, आणि दोघांना एका प्रोसेसमध्ये आणताच ‘इन्कम्पॅटिबल आर्किटेक्चर’ असा एरर येतो. आरमध्ये आर.व्हर्जन (पहिला आर मोठा) या यादीतील ‘आर्च’ ही नोंद पाहावी आणि पायथनमध्ये प्लॅटफॉर्म मॉड्यूलमधील ‘मशीन’ ही आज्ञा चालवावी. आर ‘एआर्च६४’ म्हणतो आणि पायथन ‘एआरएम६४’ म्हणतो, पण ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत. तो फरक दोष समजू नये. दोन्हींपैकी एकीकडे ‘एक्स८६_६४’ दिसले, तर तिथे दोष आहे, आणि तो कोणत्याही व्हेरिएबलने दूर होत नाही. योग्य बांधणीचा आर सीआरएएन या आरच्या अधिकृत संग्रहावरून घेऊन बसवावा लागतो. विंडोजवर हीच गोष्ट ३२ बिट आणि ६४ बिट यांच्या बाबतीत घडते, आर ४.२.० पासून, म्हणजे २०२२ पासून, ३२ बिट आर बंद झाला आहे, तरी जुन्या प्रयोगशाळांतील संगणकांवर ३२ बिट पायथन राहिलेला असू शकतो.

विंडोजची आणखी एक गोष्ट. ‘विंडोजअ‍ॅप्स’ या फोल्डरातली पायथनची फाइल पुष्कळदा खरा पायथन नसून मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे नेणारा दुवा असतो. सेटिंगमधील अ‍ॅप एक्झिक्युशन अलायसेस या यादीत जाऊन तो बंद करावा.

आपल्याकडे विशेषतः भेटणारी अडचण वापरकर्त्याच्या नावाची आहे. विंडोजमध्ये खाते मराठीत, देवनागरी अक्षरांत उघडलेले असेल तर होम फोल्डराचे नावही देवनागरी असू शकते, आणि ४.२.० पूर्वीच्या आरला असे पाथ विंडोजवर नीट हाताळता येत नसत. त्या आवृत्तीपासून विंडोज १० च्या १९०३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर आर यूटीएफ-८ वापरतो, त्यामुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही पायथनच्या सगळ्याच पॅकेजांची खात्री देता येत नाही. खाते बदलण्याची आवश्यकता नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सी ड्राइव्हच्या मुळाशी, साध्या रोमन नावाच्या आणि मध्ये मोकळी जागा नसलेल्या फोल्डरात करावे.

पायथन आत येतो, पण पॅकेज कोसळते

‘एनकोडिंग्ज’ नावाचे मॉड्यूल सापडत नाही, असे म्हणत पायथन सुरू होतानाच बंद पडत असेल, तर पायथनहोम हे व्हेरिएबल कुठेतरी चुकीचे ठेवलेले असण्याची शक्यता मोठी आहे. पायथनपाथमुळे वेगळ्या आवृत्तीची पॅकेजे मध्येच डोकावतात. ही दोन्ही व्हेरिएबल कायमची ठेवण्याची गरज क्वचितच असते; दिसली तर ती कोणी आणि कशासाठी ठेवली ते पाहून काढावीत. होममधील ‘.लोकल’ या फोल्डरात पूर्वी इन्स्टॉल केलेली पॅकेजे अशीच आड येत असतील, तर पायथननोयूजरसाइट या व्हेरिएबलला १ ही किंमत द्यावी.

लिनक्सवर ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ने सुरू होणारी आणि अमुक आवृत्ती सापडली नाही असे सांगणारी ओळ आली, तर मामला सामायिक लायब्ररीचा असतो. आरने सुरू होताना प्रणालीतली सी++ ची जुनी लायब्ररी आधीच उघडलेली असते आणि कोंडा या पॅकेजे बसवणाऱ्या साधनातून आलेल्या पॅकेजला नवी हवी असते. इथे अनेक जण आरच्या आतून सिस.सेटएन्व्ह वापरून एलडी_लायब्ररी_पाथ बदलतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणून हताश होतात. हे व्हेरिएबल प्रोसेस सुरू होतानाच वाचले जाते. आर सुरू झाल्यानंतर ते बदलण्याचा उपयोग नाही. ते शेलच्या ‘.बॅशआरसी’ या फाइलमध्ये कायमचे ठेवावे, असेही मी कोणाला सुचवणार नाही, कारण मग ज्या प्रोग्रॅमांचा या कामाशी संबंध नाही तेही बिघडू लागतात. आर प्रणालीतला असेल तर पायथनची पॅकेजे पिपने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये घ्यावीत. कोंडाच हवे असेल तर आर आणि पायथन दोन्ही कोंडा-फोर्ज या कोंडाच्या संग्रहातून एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये घ्यावेत. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे अशी मांडणी फार काळ टिकत नाही.

उलट दिशेने, म्हणजे पायथनमधून आर

पायथनमधून आर चालवण्यासाठी आरपाय२ हे पॅकेज आहे, आणि तिथेही तपासणीचा क्रम तोच राहतो. टर्मिनलमध्ये पायथनला ‘-एम’ या पर्यायासह आरपाय२.सिच्युएशन हे मॉड्यूल चालवायला सांगावे. कोणता आर सापडला, आर_होम काय आहे आणि लायब्ररी कुठे आहे, याचा अहवाल ते छापते. त्याची तुलना आर या आज्ञेपुढे मोठ्या अक्षरांत ‘आरहोम’ लिहिल्यावर जे उत्तर येते त्याच्याशी करावी. लिनक्सवर आर स्वतः सोर्समधून बांधला असेल, तर ‘--एनेबल-आर-एसएचलिब’ हा पर्याय दिलेला असणे आवश्यक आहे, अन्यथा पायथनला आत घेण्यासाठी आरची शेअर्ड लायब्ररीच नसते.

विंडोजवर आरच्या फोल्डराच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो. आर_होम हाताने ठेवलेले असेल आणि पुढे आर अद्ययावत करून जुना काढून टाकला, तर व्हेरिएबल अस्तित्वात नसलेल्या फोल्डराकडे बोट दाखवत राहते, आणि काल चालणारा कोड आज कोणताही बदल न करता बंद पडतो. म्हणून आर अद्ययावत केल्यानंतर त्याच बैठकीत आर_होमचा क्रमांक बदलावा, आरपाय२ पुन्हा इन्स्टॉल करावे आणि सिच्युएशनचा अहवाल एकदा पाहून घ्यावा.